संग्रहाची नोंद: बिननावाचं शंभर फुटी रीळ

कपाटात पडून असलेलं १६ मिमीचं ते रीळ अखेर रिवाइंडरवर चढवलं. शीर्षक नाही, श्रेयनामावली नाही. काळ्या पट्टीवर नुसते खरवडलेले ओरखडे, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय थेट फिल्मवर केलेला सिनेमा. दोन्ही कडांना छिद्रं आहेत, म्हणजे ध्वनिपट्टीला जागाच नाही. सेकंदाला २४ फ्रेमच्या (चित्रचौकटींच्या) वेगाने पावणेतीन मिनिटं. पण मूकपट म्हटल्यावर १८चा वेगही शक्य, मग तेच पावणेचार मिनिटांच्या जवळ जातं. वेग कुठेच लिहिलेला नाही. मला तर १८वरच पटतंय.

इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या लेपाची बाजू उजेडात तिरकी धरली. ओरखडे दिसतात, पण चर नाही, पृष्ठभाग सपाट. म्हणजे हाताने खरवडलेली मूळ पट्टी नव्हे, तिच्यावरून काढलेली प्रत, प्रिंट. कडेला कोडॅकची सालखूण (फिल्म कोणत्या साली बनली ते सांगणारी चिन्हं) आहे, मात्र त्या खुणा दर २० वर्षांनी पुन्हा येतात, आणि साल कळतं ते कच्च्या फिल्मचं, सिनेमाचं नव्हे. त्यामुळे काळ ठरवणं अजून लटकलेलंच.

कॅमेऱ्याशिवायच्या या सिनेमाचं वेड लागतं ते इथेच. अमेरिकन प्रयोगशील दिग्दर्शक स्टॅन ब्रॅकेजचा १९६३चा ‘मॉथलाइट’ कॅमेऱ्याशिवाय झाला: पतंगांचे पंख आणि पानं-फुलांचे तुकडे पारदर्शक टेपांमध्ये दाबून. अशा पट्टीला फ्रेमची हद्द ठाऊकच नसते. एखादं गवताचं पातं कितीतरी फ्रेम ओलांडून सलग जातं. प्रोजेक्टर त्याचे काप करतो आणि पडद्यावर थरथर उमटते. पट्टी हातात घेतली की न कापलेलं पातं दिसतं. डिजिटल फाइलमध्ये ते मिळायचं नाही, कितीही स्वच्छ स्कॅन करा.

अशा सिनेमांच्या प्रिंट दुर्मीळ का, तर त्यांचा खर्च बहुधा कलावंताच्याच खिशातून. न्यूयॉर्कची फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह, सॅन फ्रान्सिस्कोची कॅन्यन सिनेमा यांच्याकडून त्या भाड्याने फिरत. मोजक्याच निघायच्या आणि चालून चालून झिजायच्या.

माझ्या रिळाच्या तब्येतीचं म्हणाल तर डब्याला व्हिनेगरचा किंचित वास आहे, म्हणजे फिल्म सडायला लागल्याची खूण. ए-डी पट्टी (आम्लाने रंग बदलणारी चाचणीची कागदी पट्टी) डब्यात ठेवली होती, निळ्याची हिरवट झाली. पिवळी झाली असती तर आशा सोडली असती. तूर्तास बाकीच्या रिळांपासून वेगळं, थंड जागी ठेवलंय. फिल्म किती आकसली ते मोजल्याशिवाय प्रोजेक्टरला लावणार नाही. पुढचं काम तेच, मग स्कॅन. कुणाकडे असं दोन्ही कडांना छिद्रांचं, ओरखड्यांचं रीळ असेल तर सालखुणेचा फोटो टाका, ताडून पाहू.