जन्मतारखेचा रकाना

भाचीचा फॉर्म भरत बसले होते. दिवाळीच्या सुट्टीला ती माझ्याकडे आलेली, त्यामुळे १३ वर्षांखालच्या मुलींच्या त्या फुटबॉल स्पर्धेपुरती पालक मीच. नाव, शाळा, रक्तगट, जन्मदाखल्याचा फोटो. मग आली 'पालकाची जन्मतारीख'. मोबाईलवर त्या चौकोनाला बोट लावलं की सालांचं एक चाक फिरायला लागतं. चाक २०२५ वरून सुटलं. मी ढकलते आहे, ढकलते आहे. २००८ गेलं, २००१ गेलं, १९९४ गेलं. बोट उचललं, पुन्हा टेकवलं, पुन्हा ढकललं. १९७९ येईपर्यंत गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं.

फॉर्म तसाच ठेवून ओटा पुसला. पण डोक्यात ते चाक फिरतच राहिलं.

मला एक खोड आहे. तुम्हालाही असणार, कबूल करत नसाल. कुठलाही संघ जाहीर झाला की मी आधी नावं वाचत नाही, जन्मतारखा वाचते. आपल्यापेक्षा मोठं कोणी उरलंय का, एवढंच बघायचं असतं. क्रिकेटमध्ये माझी ही सोय आशिष नेहरानं बरीच वर्षं सांभाळली. तो एप्रिल १९७९ चा, मी ऑगस्टची. चार महिन्यांनी का होईना, मोठा. त्याचे गुडघे, घोटे, पाठ मोडत होती, तो परत येत होता आणि घरातले बाकी लोक 'आता बास की रे' म्हणत असताना मी मनातल्या मनात नवस बोलत होते. २०१७ च्या १ नोव्हेंबरला दिल्लीत तो शेवटचा खेळला. त्या रात्री भारत जिंकला म्हणून सगळे खूश, आणि मला एकदम घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं झालेलं.

मग मी फॉर्मिगाकडे वळले.

ब्राझीलची फुटबॉलपटू फॉर्मिगा. जन्म ३ मार्च १९७८, गाव साल्वादोर. माझ्याहून जवळजवळ दीड वर्षानं मोठी, म्हणजे कसं निर्धास्त. खरं नाव लांबलचक आहे. फॉर्मिगा म्हणजे मुंगी. मैदानभर दुसऱ्यांसाठी राबत फिरायची म्हणून हे नाव पडलं म्हणतात. मुंगी होऊन साखर खावी असं आपल्याकडे सांगतात, हिनं साखर फार खाल्लेली दिसत नाही. वाहिली मात्र पुष्कळ. १९९५ चा विश्वचषक ती १७ व्या वर्षी खेळली आणि २०१९ चा ४१ व्या. मधला एकही चुकवला नाही. एकूण सात. ऑलिम्पिकही सात. बरं, २०१६ ला निरोपबिरोप घेऊन निवृत्त झाली होती. २०१८ मध्ये प्रशिक्षकांनी बोलावलं, गेली परत. आमच्या घरात आई दर दिवाळीला 'पुढच्या वर्षीपासून मी चकलीला हात लावणार नाही' म्हणायची, तशातलीच ही निवृत्ती.

आणि ती जन्मली तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी होती. १९४१ पासूनची. उठली १९७९ मध्ये. म्हणजे ही वर्षाची होती तोवर तिच्या पायांना परवानगीच नव्हती. माझ्या जन्मसालाचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कुणी करून दाखवल्याचं मला माहीत नाही.

जन्मतारखांच्या त्या रकान्यात वरच्या टोकाला मी जशी आधार शोधते, तशी खालच्या टोकाला गेले की घाबरते. २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाकडून केसी फेअर नावाची मुलगी कोलंबियाविरुद्ध उतरली. वय १६ वर्षं २६ दिवस. विश्वचषकात एवढ्या लहान वयाचं आजवर कोणी खेळलेलं नाही. आपल्याकडे या वयाला अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या बघत असतात. जपानची होमारे सावा १५ व्या वर्षी पहिला सामना खेळली, १९९३ साली, आणि त्याच सामन्यात चार गोल करून मोकळी झाली.

आमच्या बोळात अशी मुलगी कच्चा लिंबू असायची.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतला बोळ. दोन चपला इकडे, दोन विटा तिकडे, झाले गोल. मी पाच-सहा वर्षांची. मला खेळायला घ्यायचं हा थोरल्या दादाला आईनं घातलेला दंड होता. त्यामुळे मी कायमची कच्चा लिंबू. मी मारलेला गोल धरायचा नाही, मी पाडलं तर फाउल नाही, माझ्या हाताला लागला तर हँड नाही. खेळात असून हिशेबात नसायचं. तेव्हा त्याचं सुखच वाटायचं. कुठल्या वर्षी मी पक्की झाले ते आठवत नाही, कारण त्याच सुमाराला कोणीतरी 'आता पोरींनी बोळात खेळू नये' असं ठरवलं. कच्चा लिंबू होते ती थेट बादच.

त्यामुळे नवी मुंबईत जे पाहिलं त्याचं मला अजून नवल आहे. ३० ऑक्टोबर २०२२, डी. वाय. पाटील स्टेडियम, १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. स्पेन आणि कोलंबिया. बहीण आणि मी भाचीला घेऊन गेलो होतो. कोलंबियाची लिंडा कायसेदो तेव्हा १७ वर्षांची. पण त्याच वर्षी जुलैमध्ये ती मोठ्या बायकांच्या संघातून कोपा अमेरिकाचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना खेळून आली होती, ऑगस्टमध्ये २० वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक खेळली होती, आणि ऑक्टोबरमध्ये इथे. म्हणजे कॉलेजची परीक्षा देऊन झाल्यावर कोणी दहावीला बसावं तसं. तिच्या पायात चेंडू आला की आमच्या स्टँडमधली पोरं खुर्चीवरून अर्धवट उठायची, आणि चेंडू गेला की तशीच हळूच बसायची. सामना मात्र कोलंबियाच्या एका स्वयंगोलावर गेला, चेंडू आपल्याच जाळ्यात. बिचारीचं नाव घेत नाही. तिच्याही जन्मतारखेचा रकाना तेवढाच कोवळा होता. १३ व्या वर्षी, १६ व्या वर्षी, कधीतरी एकदा कच्चा लिंबू असायला हवं की माणसानं. तो गोल धरू नका म्हणणारं कोणी हवं होतं तिथं.

संघाच्या यादीत जन्मतारखेच्या शेजारी आणखी एक रकाना असतो. किती सामने खेळली त्याचा. त्याला 'कॅप' म्हणतात. एक सामना, एक टोपी. पूर्वी इंग्लंडात खरोखरच टोपी द्यायचे, त्यावरून. आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे काय ते सांगायला नको.

तर हे दोन रकाने मी शेजारीशेजारी वाचते. अमेरिकेच्या क्रिस्टीन लिलीचे वाचले, की वय आणि टोप्या जिन्यासारख्या बरोबर चढत जातात. १९८७ ते २०१०, टोप्या साडेतीनशेच्या वर. इतक्या टोप्या ना पुरुषांत कुणाकडे, ना बायकांत. फॉर्मिगाच्या दोनशेच्या वर. आणि मग आपली ओइनाम बेमबेम देवी. मणिपूरची. १९९५ साली, फॉर्मिगा पहिला विश्वचषक खेळली त्याच साली, ही पंधराव्या वर्षी भारताकडून पहिल्यांदा खेळली. २०१६ पर्यंत खेळली. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. २१ वर्षं, आणि टोप्या शंभरही नाहीत. भारताकडून शंभर सामने खेळणारी पहिली बाई आशालता देवी, तीही मणिपूरचीच, आणि तो आकडा आला २०२४ मध्ये. बेमबेम कमी पडली असं नाही. सामनेच नव्हते. २००९ साली तर बरेच दिवस एकही सामना न खेळल्यामुळे भारतीय बायकांच्या संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच गळलं होतं. वय आपलं दरसाल हजेरी लावून जातं. त्याला मैदान लागत नाही, विमानाचं तिकीट लागत नाही. टोपीला दोन्ही लागतं.

'अनुभवी खेळाडू' असं वाचलं की मला त्यामुळे हल्ली विचारावंसं वाटतं, कशाचा?

कारण मग आत्या आठवते. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतले पुरुष जेवणं उरकून गायब व्हायचे. आत्या मागच्या दारी धुण्याच्या दगडावर. तिथपर्यंत स्टेडियमचा आवाज यायचा. मोठा गलका झाला की तिचा पिळता हात थांबायचा. एक क्षण कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "पाटाकडील." किंवा, "ह्यो शिवाजीचा." कोल्हापुरातले फुटबॉल संघ हे. मग धुणं पुढे चालू. संध्याकाळी दादा आणि काका घरी येऊन काय ते सांगायचे. आत्या बरोबर असायची. कोण कुठल्या बाजूला बसतं, कोणाची पोरं कशी ओरडतात, गोल झाल्यावरचा गलका आणि हुकल्यावरचा गलका यात काय फरक, हे सगळं तिला पाठ. मॅच बघायला ती एकदाही गेली नव्हती.

एकदा आमचा चेंडू तिच्या धुण्यात गेला. प्लॅस्टिकचा लाल चेंडू, एका बाजूनं चेपलेला. दादा बोळाच्या टोकाला उभा. "आत्या, टाक की!" आत्यानं हात पुसले नाहीत. पदर खोचलेलाच होता. चेंडू पायानं दगडावरून खाली घेतला, एक पाऊल मागे सरली आणि मारला. अनवाणी. चेंडू दादाच्या डोक्यावरून, विटांच्या मधून, समोरच्या घराच्या कौलांवर गेला आणि टपटपत पन्हळीत अडकला. बोळात एकदम शांतता. दादा म्हणाला, "तुला कुठनं येतंय गं?" आत्या खाली बसली, परत साबण लावायला लागली. "चला, पळा हिकडनं," एवढंच म्हणाली. ती तेव्हा चाळिशीच्या जवळ असेल. तिच्या पुढचे रकाने मी पुष्कळदा मनात भरून पाहिलेत. जन्मतारीख: नक्की नाही, शाळेत घातली तेव्हा मास्तरांनी लिहिली ती. सामने: शून्य. गोल: एक, पन्हळीत.

तो गोल मी धरते.

फॉर्मिगाचा ब्राझीलकडून शेवटचा सामना कोणाविरुद्ध झाला माहीत आहे? भारताविरुद्ध. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात, २५ नोव्हेंबर २०२१ ला. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. मी कणीक मळता मळता बघत होते. ब्राझीलनं पहिल्याच मिनिटाला गोल केला. म्हटलं, झालं. आठव्या मिनिटाला पंजाबची मनीषा कल्याण डावीकडून सुटली आणि तिनं फेडला. १-१. ब्राझीलशी, ब्राझीलमध्ये. मनीषाला २० वर्षं पुरी व्हायला दोन दिवस होते. ती जन्मली तेव्हा फॉर्मिगा दोन विश्वचषक खेळून चुकली होती. पुढे व्हायचं तेच झालं, ६-१. सामना संपत आला तशी फॉर्मिगा उतरली. ४३ वर्षांची, बारीक, केस मागे बांधलेले. दहा-पंधरा मिनिटं खेळली असेल. तेवढा वेळ मी आपल्या संघाकडे बघितलंच नाही, हे इथे कबूल करते. शिट्टी वाजली, आणि सगळ्या देशांच्या संघांच्या याद्यांत माझ्यापेक्षा मोठं उरलेलं माझं शेवटचं माणूस गेलं. पुढच्या विश्वचषकात सगळ्यात मोठी होती नायजेरियाची ओनोमे एबी, ४० वर्षांची. १९८३ चा जन्म. पोर आहे.

२०१९ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून हरल्यावर फॉर्मिगाच्याच संघातली मार्ता कॅमेऱ्यात बघून घरी बसलेल्या ब्राझीलच्या मुलींना म्हणाली होती, की फॉर्मिगा कायमची नसणार, मार्ता नसणार, क्रिस्तियानी नसणार. आता तुम्ही या. अंगावर काटा आला होता ऐकताना. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये बघावं, तर कोपा अमेरिकाचा अंतिम सामना, भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला ब्राझील हरता हरता बरोबरी कोणी करून दिली? मार्तानं. ३९ वर्षांची. समोर कोलंबियाच, आणि पहिला गोल नवी मुंबईवाल्या कायसेदोचा. जिंकलं ब्राझील. बाईनं आधी जगाला रडवून सांगायचं मी नसणार म्हणून, आणि मग असायचं. चकल्याच या.

"मावशी, झाला का फॉर्म?"

झालाच होता, शेवटचा एक रकाना सोडून. 'अनुभव (वर्षे)'. १२ वर्षांच्या मुलीला विचारतात.

"शून्य लिही," भाची म्हणाली.

लिहिलं. फॉर्म शून्य घेईना. लाल अक्षरात 'कृपया योग्य माहिती भरा'. एक लिहू का? पण शाळेच्या संघात ती जूनपासून आहे, एक कसं होईल? बोळातलं धरायचं का? सोसायटीच्या पार्किंगमधलं? मी विचार करत राहिले, आणि पडद्यावर आलं: 'आपली वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा.'

चाक पुन्हा २०२५ वर.

"थांब," म्हटलं, "आधी ते दुधाचं पातेलं भिजत घालू दे."