आमची वाटचाल : दर दोन तासांनी कूस

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हा आमचा व्यवसाय. सुरुवातीला आम्ही फक्त मावशी पुरवायचो: बारा तासांची ड्यूटी, डायपर, आंघोळ, जेवण. पण चार भिंतींत एकटीनं काम करणाऱ्या बाईला शिकवणारं कुणी नसेल तर काम तेवढ्यावरच थांबतं. म्हणून आता प्रत्येक भागाला एक मुख्य ताई आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. नवी मुलगी आधी तिच्याबरोबर ड्यूटी करते, मगच एकटी जाते.

हे काम बायकांनी फार पूर्वीच मोठं करून ठेवलंय. लंडनमध्ये १९३५ साली डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे 'आता काही होणार नाही' म्हणून पडून राहिलेल्या वृद्धांचे वॉर्ड आले. त्यांनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं. अनेकजण घरी गेले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं ससूनमध्ये बायकांच्या नर्सिंगच्या शिक्षणाची वाट उघडली. आणि बेडसोअरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेचा, धोका मोजायला नर्स डोरीन नॉर्टन यांनी १९६२ मध्ये दिलेला गुणतक्ता आम्ही आजही वापरतो: तब्येत, भान, चालणं, हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा, प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली की पहिल्या ड्यूटीच्या आधी घरात एअर बेड (पंपानं हवा भरणारी गादी) आणि कूस बदलण्याचा तक्ता लागतो.

बेडसोअर मलमानं टळत नाही, भार हलवल्यानं टळतो. दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी. पण सरळ कुशीवर झोपवलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवायचं, गुडघ्यांच्या मधे एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला धरून राहते, हाड पुढे जातं आणि मांस आतून फाटतं. ड्रॉशीट, म्हणजे अंगाखाली आडवी घातलेली चादर, धरून दोघींनी उचलायचं. ट्यूबसारखी हवेची गोल उशी कुणी प्रेमानं आणून दिली तरी वापरायची नाही. तिच्या कडेनं रक्तपुरवठाच दाबला जातो.

लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडायचं. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर भार काढल्यावर तो बहुधा जातो. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हाताची मागची बाजू लावून ऊब आणि घट्टपणा बघायचा. हे पुस्तकातून येत नाही, ताईनं नवीचा हात धरून तिथं टेकवावा लागतो.

एअर बेडवर जाड गोधडी नको. कमरेखाली, गादीच्या खालून तळवा घालून बघायचं. माणूस हाताला लागला तर हवा कमी आहे. वीज गेली की पंप बंद, तेव्हा कूस लवकर बदलायची.

नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू किमान ३० अंश वर, भरवून झाल्यावर ३० मिलि पाणी, आणि निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. खोकला किंवा धाप लागली तर तिथंच थांबायचं आणि ताईला फोन. नळी घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं ही मावशीची कामं नव्हेत, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

चूक बहुतेक वेळा रात्री होते. सकाळी एकदम भरलेला कूस बदलण्याचा तक्ता लगेच कळतो: एकच अक्षर, वेळा नेमक्या १०, १२, २, ४. खरा तक्ता १०.२०, १२.०५ असा असतो. अशा वेळी आमच्या ताई आधी विचारतात, 'पेशंटचं वजन किती, मदतीला कोण होतं?' जड माणूस एकटीनं हलत नाही, हेच बहुधा कारण निघतं. मग घरातल्या एकाला रात्रीची एक वेळ वाटून देतो, मधल्या वेळी पाठीची उशी थोडी काढून भार हलवायला शिकवतो.

सकाळी आठला ड्यूटी बदलते. जाणारी आणि येणारी दोघी मिळून कूस वळवतात, माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं बघतात, आणि तक्त्यावर दोघींची सही होते.