उघडलेलं दार उघडंच राहावं म्हणून: आमची वाटचाल

आम्ही दार उघडं धरून ठेवणारं सामान बनवतो. दार बंद करायला कड्या, कोयंडे, अल्ड्रॉप, कुलपं बाजारात ढिगाने मिळतात. पण दोन पल्ल्यांचं मोठं दार उघडल्यावर ते जागच्या जागी पक्कं धरायला काय लावायचं, असं विचारलं की बहुतेक दुकानांत एक हूक-कडी काढून हातावर ठेवतात. गॅरेज, ट्रॅक्टरची शेड, डाळमिल, जिनिंग, केळीचं गोडाऊन, जिथे जिथे पल्ला बाहेर उघडतो आणि त्यातून वाहन ये-जा करतं, तिथे आमचा माल लागतो.

सुरुवात वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानातून झाली. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिली आणि चटईचे कारखाने वाढत गेले, तशी शेडच्या दारांची कामं आमच्याकडे येऊ लागली. दार बसवून दिलं, हिशेब झाला, की काम संपायला हवं. ते संपायचं नाही. वैशाख-ज्येष्ठात वळवाचं वारं सुटलं की निरोप यायचे: बिजागरी उखडली, पल्ला ट्रॉलीवर आपटला, गाडी बाहेर काढताना आरसा गेला. अमळनेरकडचे एक आबा दुकानात येऊन वडिलांना म्हणाले होते, "भाऊ, दार चांगलं शे, पन वारा उना का थांबत नही." म्हणजे दार चांगलं आहे, पण वारा आला की जागेवर थांबत नाही. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या वाऱ्याने आडव्या होतात, तेच वारं या दारांवर येतं. आणि त्यावर सगळीकडे उपाय एकच होता, पल्ल्याला दगड लावायचा.

दगड पल्ल्याला एकाच बाजूने अडवतो. वारं मात्र बाजू बदलतं. समोरून जोर आला की पल्ला भिंतीवर आदळतो, आणि मागे भिंत व पल्ल्याच्या फटीत झोत शिरला की तोच पल्ला सुसाट बंद व्हायला धावतो. म्हणून पल्ला दोन्ही बाजूंनी धरला पाहिजे. आमच्या धंद्याचा पाया हाच.

मी डिप्लोमा करून दुकानात आल्यावर पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला. वाऱ्याच्या दाबाचं सूत्र आयएस ८७५ या, इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ५० किलोमीटरचं वारं धरलं तर चौरस मीटरला साधारण १२ किलोचा जोर होतो. चार फूट रुंद, आठ फूट उंच पल्ला म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर, म्हणजे एका पल्ल्यावर ३५ किलो. वारं ताशी १०० झालं की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तोच पल्ला मग १४० किलोने ढकलला जातो.

खरी गोम पुढे आहे. हा सगळा जोर पल्ल्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून दोन फुटांवर धरायचा. तुम्ही पल्ला बिजागरीपासून एका फुटावर अडवलात, तर त्या १४० किलोचे २८० होतात. पल्ल्याच्या मोकळ्या टोकाला, चार फुटांवर धरलात, तर ७० वरच भागतं. सामान तेच, लोखंड तेवढंच. फक्त जागा बदलली आणि भार चौथा हिस्सा झाला. हे वडिलांना दाखवलं तेव्हा ते हिशेबाकडे बघत बसले नाहीत. पाच सुताचा, म्हणजे पाच अष्टमांश इंच जाडीचा लोखंडी गज घेऊन दुकानाच्याच दाराला टोकाशी खुंटी लावून बघितली. त्या दिवसापासून आमच्याकडे मधोमध किंवा बिजागरीजवळ धरायचं सामान मोकळ्या रानातल्या दाराला दिलं जात नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी नाही.

आमचा सगळ्यात जास्त खपणारा नग म्हणजे पायाने सोडायचा खटका. जमिनीत किंवा भिंतीलगत एक बुटका खांब, त्यावर बोल्टवर झुलणारी जाड पट्टी. पट्टीची मागची बाजू जड ठेवलेली, म्हणून पुढचं नाक कायम वर असतं. पल्ला उघडत आला की त्याची खालची कड नाकाच्या उतारावर चढते, नाक दबतं, पल्ला पलीकडे सरकतो आणि मागचं वजन नाकाला परत वर आणतं. खट्ट असा आवाज येतो. पुढे नाक, मागे रबराचा ठोकळा, मधे पल्ला, दोन्हीकडून धरलेला. सोडायचा असेल तेव्हा नाकावर पाय द्यायचा. यात स्प्रिंग मुद्दामच नाही. आमच्याकडची धूळ आणि कापसाची किटी, म्हणजे बारीक कचरा, स्प्रिंगमध्ये बसली की ती काम करेनाशी होते, आणि दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या दाराला बिघाड परवडत नाही. रबरही साधं घेत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हात ते भेगाळतं, म्हणून ईपीडीएम, म्हणजे ऊन सोसणारं कृत्रिम रबर.

काळ्या जमिनीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं. तापीकाठची आपली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. उथळ पायात रोवलेला खांब दर वर्षी थोडा इकडे, थोडा तिकडे होतो. पल्लाही वजनाने टोकाकडे लोंबतो. मे महिन्यात अचूक जुळवलेला खटका ऑगस्टमध्ये पल्ल्याला लागतच नाही. म्हणून आमच्या प्रत्येक नगात गोल भोकाऐवजी लांबट खाच असते, वर-खाली आणि आत-बाहेर, दोन्ही. पाना लावून गिऱ्हाईकाने घरीच जुळवून घ्यावं. उभ्या कडीचंही तसंच: कडीचा गज ज्या पाइपात उतरतो, त्या पाइपाचं तळ आम्ही बंद करत नाही. खाली खडी भरतो, म्हणजे पाणी जिरतं, गाळ साचून गज अर्ध्यातच अडत नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि बऱ्हाणपूर-सुरतेकडे माल पाठवताना सीमेवरचा खोळंबा कमी झाला. धुळ्याहून साक्रीच्या माळाकडे आधीपासून जात होतोच. जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथल्या शेडच्या दारांना काय सोसावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

अलीकडे एक नवं काम आलंय आणि ते मला मनापासून आवडतं. युरोप-अमेरिकेत घोडागाडी ठेवायच्या खोल्यांना बाहेर उघडणारी दोन पल्ल्यांची लाकडी दारं असत. तशीच दारं आता बंगल्यांच्या गॅरेजला लावतात. नाशिक-पुण्याचे आर्किटेक्ट चित्र पाठवतात, सुतार दार सुरेख करतो, पण ते उघडं कसं राहणार याचा विचार चित्रात नसतो. सागाचा ४० मिलिमीटर जाडीचा, चार बाय आठचा पल्ला ७५ ते ८० किलो भरतो. पातळ पत्र्याच्या पल्ल्यापेक्षा त्याचा दणका मोठा बसतो. त्याला नुसते स्क्रू मारून हूक लावला तर पहिल्याच वादळात स्क्रू लाकडाचा भुसा घेऊन बाहेर येतात. आम्ही आरपार बोल्ट आणि मागून पट्टी देतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यासाठी खाच आहेच. दिसायला नीट हवं म्हणून हे नग काळ्या पावडर कोटिंगमध्ये करतो.

अशा काही गॅरेजांना बाजूला भिंतच नसते, पल्ला ९० अंशांवर अधांतरी थांबतो. तिथे लोक वरच्या चौकटीला बसणारी सरकपट्टी मागतात. ती पल्ल्याला बिजागरीच्या बाजूनेच धरते, म्हणून फक्त आडोशाच्या जागी, कंपाउंडच्या आत, चालते आणि तिथे आम्ही देतोही. उघड्यावर असेल तर अंगणात खांब रोवून खटकाच घ्या म्हणतो. अंगणात खांब नको वाटतो, हे समजतं. म्हणून आता जमिनीत झाकला जाणारा, हवा तेव्हा वर ओढायचा खांब करतोय. त्याचा सांगाडा झालाय, पाण्याचा निचरा अजून मनासारखा नाही. तो या पावसाळ्यात बघूनच विक्रीला काढू.

माल मागवताना चार गोष्टी सांगा: पल्ल्याची रुंदी आणि उंची, तो लाकडी की पत्र्याचा, उघडल्यावर मागे भिंत किती अंतरावर येते, आणि खाली माती, फरशी की काँक्रीट. दार पूर्ण उघडून बाजूने एक फोटो काढून पाठवलात तर आणखी बरं.