पुण्याची हवा आणि माझं सिगारचं कपाट

ह्युमिडोर, म्हणजे सिगार बेताच्या ओलीत ठेवायची पेटी किंवा कपाट. त्याबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. हिवाळाभर त्यांच्या घरात हीटर चालू, हवा ठणठणीत कोरडी, त्यामुळे त्यांची सगळी खटपट ओल वाढवण्याची. पुण्यात हा सल्ला मार्च ते मे कामाचा आणि जून ते सप्टेंबर घात करणारा. आमच्याकडे त्याच कपाटाला वर्षातून दोनदा उलटं फिरावं लागतं. हे मी मनाशी नीट ठरवलं आणि मगच सुतारमामांना फोन केला.

आधी सिगारपर्यंत कसा पोचलो ते सांगतो. मी निपाणीचा. शाळेच्या वाटेवर तंबाखूच्या वखारी. आत बायका तोंडाला फडकं बांधून तंबाखू चाळायच्या आणि आम्ही पोरं शिंकत शिंकत पळायचो. आईच्या माहेरीही तंबाखूच, पण विडीचा. पिकवायचा, वाळवायचा, व्यापाऱ्याला घालायचा. घरात ओढणारं कुणी नव्हतं. मीही चाळिशी उलटेपर्यंत कशाला हात लावला नव्हता.

मग कंपनीनं साखर कारखान्याच्या बॉयलरच्या कामासाठी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमानाला धाडलं. ऊस आणि सिगार, दोन्ही त्या एका गावात. तिथला ‘ताबाकालेरा दे गार्सिया’ हा जगातल्या मोठ्या सिगार कारखान्यांपैकी एक, आणि तो आतून बघता येतो. दारातच वखारीचा वास आला, फक्त त्यात आंबूस, अमोनियासारखी झाक जास्त. सिगारचा तंबाखू नुसता वाळवून भागत नाही. पानांच्या थप्प्या रचतात, त्या आतून आपोआप तापतात, मग थप्पी मोडून वरची पानं खाली, खालची वर. असं पुन:पुन्हा. अमोनिया उडून जातो आणि पान मऊ पडतं.

वळणारे जोडीनं बसले होते. एक जण आतली पानं हातात गोळा करतो. ती पुडी घालतो तशी दुमडायची नाहीत. प्रत्येक पान लांबीत चुरगळून नळीसारखं ठेवायचं, म्हणजे हवेला वाट राहते. त्यावर बांधणीचं पान गुंडाळून तो गठ्ठा लाकडी साच्यात दाबाखाली जातो. दुसऱ्याच्या हातात ‘चावेता’, म्हणजे मूठ नसलेलं अर्धगोल पातं. त्यानं तो बाहेरच्या पानाची पट्टी कापतो आणि तिरकी ओढत वरून गुंडाळतो. डोक्याशी बोटानं खळीचा ठिपका, त्यावर नाण्याएवढी पानाची टोपी. झालं. माझ्यासमोरची बाई हे सगळं शेजारणीशी गप्पा मारता मारता करत होती, आणि तिच्या साच्यातले सिगार मोजपट्टी लावल्यासारखे एका जाडीचे.

त्या जाडीचं मापही मजेशीर आहे: इंचाचे ६४ भाग. रोबुस्तो नावाचा सिगार साधारण ५ इंच लांब आणि ५० गेजचा, म्हणजे ५०/६४ इंच जाड. मिलिमीटरमध्ये वाढलेल्या इंजिनिअरला हे बघून उगाच आनंद झाला.

ओढण्याबद्दल फार लिहीत नाही. धूर तोंडात घ्यायचा, छातीत नाही. मिनिटाला एखादा झुरका; घाई केली तर सिगार तापतो आणि कडू लागतो. राख झटकायची नाही. आणि ‘सिगारनं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका असतोच. आमच्या घरी नियम बायकोचा आहे: गॅलरी, दार बंद, आणि नंतर शर्ट थेट मशीनमध्ये.

आता कपाट. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटी आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. ओल फार वाढली तर बुरशी येते, कमी झाली तर बाहेरचं पान तडकतं आणि वास उडतो. तापमान २४ च्या वर राहिलं तर वेगळीच पीडा, किडा. पानात दडलेल्या अंड्यांतून तो बाहेर येतो आणि सिगारला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडतो. धण्याच्या किंवा हळदीच्या जुन्या डब्यात जो बारका तपकिरी किडा सापडतो, तोच हा. त्यामुळे नवा आलेला प्रत्येक सिगार आधी पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. आई निपाणीहून आली होती, तिनं कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला आणि म्हणाली, “बिड्या बी आता थंड करून वडतासा व्हय रं?”

पुण्यातल्या एप्रिलमध्ये नुसती लाकडी पेटी २१ अंशांवर राहणं अशक्य. म्हणून जुना वाइन कूलर घेतला, कॉम्प्रेसर नसलेला, वीज दिली की एका बाजूनं गार पडणाऱ्या पेल्टियर चकतीवर चालणारा. कॉम्प्रेसरचा फ्रिज हवा भराभर कोरडी करतो, पेल्टियर सौम्य. त्याची ताकद बेताची असते, म्हणून तो घरातल्या सर्वांत थंड भिंतीला, उत्तरेकडच्या खोलीत.

यातलं गणित मला सगळ्यात आवडलं. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश आणि १८ टक्के ह्युमिडिटी धरा. तीच हवा २० अंशांवर आणली की ह्युमिडिटी आपसूक ५० टक्क्यांच्या आसपास जाते, कारण थंड हवेत मावणारी वाफच कमी. म्हणजे नुसत्या गारव्यानं अर्ध्याहून जास्त काम केलं. जुलैत उलट: २६ अंश, ८५ टक्के. ही हवा २० वर आणायला गेलात तर ती वाटेतच, २३ अंशांच्या सुमारास, पाणी सोडायला लागते. दार उघडलं की मागच्या थंड पत्र्यावर थेंब.

या थेंबांसाठी कूलरच्या तळाला भोक असतं. बहुतेक जण ते कायमचं बंद करतात, ओल आत राहावी म्हणून. मी तिथे रबरी बूच बसवलंय. पहिला वळीव पडून हवा दमट झाली की काढतो, पाणी खालच्या वाटीत गळत राहतं. दिवाळीनंतर परत लावतो. पावसाळ्यात शिवाय वरच्या खणात सिलिका जेलचे दाणे, आणि बारा महिने ६५ टक्क्यांच्या बोवेडा पुड्या. त्यांच्यात मिठाचं द्रावण असतं. हवा कोरडी झाली की ओल सोडतं, दमट झाली की शोषतं. साठ ग्रॅमची एक पुडी २५ सिगारांना. (परदेशातून येताना करमुक्त आणता येतात तेही २५च, त्यामुळे हिशोब सोपा.)

ह्युमिडिटी मोजणाऱ्या मीटरवर मात्र डोळे झाकून भरवसा नको. भेट मिळालेल्या चकचकीत पेटीवरचं गोल काट्याचं मीटर तर निव्वळ दागिना. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतपतच पाणी घाला, मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ७५ दिसायला हवेत. माझा डिजिटल ७१ दाखवत होता. त्यावर स्केचपेननं ‘+४’ लिहून ठेवलंय.

राहिले खण. सगळे सांगतात स्पॅनिश सिडारच हवा. तो स्पेनचाही नाही आणि सिडारही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. त्याच कुळातला आपला तून. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच नावाखाली घालत, आणि इंग्रजांच्या काळात तूनच्याच सिगारपेट्या होत. लाल, हलका, वासाचा. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये तून मागितला की आधी सागवान दाखवतात, मग ‘कशाला पाहिजे?’ विचारतात. चिकाटी धरली तर मिळतो. सुतारमामांना प्लाय नाही, एमडीएफ नाही आणि आतून पॉलिश नाही, एवढंच बजावलं. पॉलिश नाही म्हटल्यावर ते दुखावले. “अहो साहेब, लोकं नावं ठेवतील मला.” शेवटी समोरच्या पट्टीला बाहेरून हात मारायची परवानगी दिली.

कोरडं लाकूड सुरुवातीला ओल अधाशासारखं पितं. रिकामे खण आत ठेवून, डिस्टिल्ड वॉटरची बशी घालून वाट बघितली. आकडा पासष्टवर पोचायचा, रात्रीत अठ्ठावन्नवर यायचा. तो हलायचा थांबला तेव्हा पहिले सिगार आत गेले.

सगळ्यात खालच्या खणात तमिळनाडूतल्या दिंडिगुलचे चिरूट ठेवावेत असं मेहुण्याचं म्हणणं. ते ठेवणार नाही. दोन्ही टोकं उघडी, वास दांडगा, आणि त्यांना या लाडांची गरजच नाही; स्टीलच्या डब्यात ते मजेत राहतात. तो खण डोमिनिकनांसाठी राखलाय. एकूण खर्च किती आला ते मात्र इथे लिहीत नाही, बायको वाचते.