जिनिंगच्या यादीतून गळालेली नावं

दिवाळीनंतर खानदेशात कुठल्याही रस्त्याला लागा, कापसानं भरलेल्या ट्रॉल्या, पिकअप, आतल्या गावांतून अजूनही एखादी बैलगाडी, सगळ्यांचं तोंड जिनिंगकडे. हंगाम असा भरात असताना अमळनेर-धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंगच्या शेठजींचा मला जळगावला फोन आला. "पेमेंटच्या यादीतून नावं गळताहेत. लोक म्हणतात, काट्यावरच्या पोरानं काहीतरी केलंय. तुम्ही आधी कॉम्प्युटर बघून जा, मग पोराचं बघतो."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी दुसऱ्याच दिवशी भुसावळ-सुरत लाइनची सकाळची गाडी धरली.

तिथली पद्धत सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यातच होता. गाडी काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस, त्यातून ओलाव्याची कटती वजा. काट्यावरचा मुलगा नाव टाइप करतो, काटापट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात देतो, आणि कॉम्प्युटर तीच पट्टी एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. फाइलचं नाव म्हणजे शेतकऱ्याचं नाव आणि पट्टीचा नंबर. रात्री पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आपोआप चालते, दिवसभराच्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करते आणि मूळ फोल्डर रिकामं करते. शनिवारी दिवाणजी त्या दुसऱ्या डिस्कवरून यादी काढतात आणि पैसे बँकेत जातात. म्हणजे दुसऱ्या डिस्कवर ज्याची फाइल नाही, त्याचा कापूस जिनिंगनं घेतलाच नाही असा अर्थ होतो.

मी पोचलो तेव्हा ऑफिसबाहेर दहा-बारा शेतकरी बसलेले होते. एका आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढून दाखवली. थर्मल कागद तो, उन्हानं आणि घामानं पार काळवंडला होता, आकडे वाचायची सोय नाही. "दादा, कापूस मना, काटा तुमना, मंग नाव कोठे गयं?" त्यांच्या प्रश्नाला आत कुणाकडे उत्तर नव्हतं. वाईट हे होतं की गळालेल्यांत एकाच गावचे लोक फार होते, आणि काट्यावरचा मुलगा शेजारच्या गावचा. दोन गावांत जुनी तेढ. लोकांनी हिशेब जुळवून टाकला होता. मुलगा बाकावर मान खाली घालून बसला होता; मला म्हणाला, "सर, मी एकूण एक पट्टी टाकलीय. आईशप्पथ."

मी दिवाणजींकडून गळालेल्यांची नावं मागून घेतली आणि एकाखाली एक लिहिली. त्याच आठवड्यात नीट आलेली नावं शेजारच्या रकान्यात. वाचत गेलो तसा फरक डोळ्यांत भरायला लागला. डावीकडे दोनच प्रकारची नावं होती. एक, व्यापारी पेढ्या, 'अमुक & सन्स', 'तमुक & ब्रदर्स'. दुसरा प्रकार, ज्यांच्या नावापुढे कंसात गाव आहे. उजवीकडच्या रकान्यात & नाही आणि कंसही नाही.

मुलाला विचारलं, कंस का टाकतोस? तो म्हणाला, "एकाच नावाचे तीन-तीन पाटील असतात सर. पैसे चुकीच्या खात्यात जायला नको म्हणून मी गाव टाकतो." आणि त्या एका गावात एकसारख्या नावांची माणसं जास्त होती. लोक ज्याला गावाची दुश्मनी समजत होते, ती त्या मुलाची काळजी होती. मला त्या क्षणी बाहेर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. पण पुरावा हातात नव्हता.

स्क्रिप्ट उघडली. आधीच्या कुणीतरी लिहून दिलेली, जेमतेम वीस ओळींची. फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागा तो अंडरस्कोअरनं भरत होता, म्हणजे शेलला, लिहिलेले हुकूम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, मोकळ्या जागेचा त्रास होतो एवढं त्याला माहीत होतं. पुढे मात्र दोन ओळी अशा होत्या: पहिल्या ओळीत 'सीपी' हा कॉपीचा हुकूम, फाइलचं नाव आणि दुसऱ्या डिस्कचा पत्ता जोडून एक वाक्य करायचं आणि 'ओएस डॉट सिस्टिम'कडे द्यायचं. दुसऱ्या ओळीत 'ओएस डॉट रिमूव्ह'नं मूळ फाइल पुसायची. मध्ये काही नाही.

या दोन ओळी शेजारी-शेजारी दिसत असल्या तरी त्यांची वाट वेगळी आहे. 'ओएस डॉट सिस्टिम' स्वतः काही करत नाही, अख्खं वाक्य शेलच्या हवाली करतं, आणि शेल ते आपल्या व्याकरणानं वाचतं. शेलच्या व्याकरणात & म्हणजे 'इथवरचा हुकूम मागे चालू दे, पुढचा घे'. कंसालाही तिथे स्वतंत्र अर्थ आहे. 'ओएस डॉट रिमूव्ह'च्या वाटेत शेल येतच नाही. ते नाव जसंच्या तसं ऑपरेटिंग सिस्टिमला देतं, मग त्यात & असो की कंस. त्यामुळे कॉपी फसायची आणि पुसणं मात्र रोज न चुकता व्हायचं.

मी पायथॉन उघडून चाचणीची एक फाइल केली, 'पाटील_&_सन्स_४१२' (नाव अर्थातच बदललेलं), आणि तोच हुकूम हातानं दिला. पडद्यावर दोन तक्रारी आल्या. 'सीपी' म्हणालं, 'पाटील_' ही फाइल मिळाली पण ती ठेवायची कुठे ते सांगितलं नाही. शेल म्हणालं, '_सन्स_४१२' नावाचा हुकूम सापडत नाही. खाली परतीचा आकडा उमटला, ३२५१२. लिनक्सवर, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, 'ओएस डॉट सिस्टिम' हा आकडा थोडा गुंडाळून देतं. २५६ नं भागलं की १२७ येतात, आणि १२७ म्हणजे 'हुकूम सापडला नाही'. कंसवाल्या नावानं करून बघितलं तर ५१२ आला, म्हणजे २. शेलला वाक्याचं व्याकरणच जुळलं नव्हतं, त्यानं एक शब्दही न चालवता सगळं टाकून दिलं होतं.

म्हणजे शेल रोज रात्री ओरडून सांगत होतं. पण क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीत स्क्रिप्टचं सगळं बोलणं, तक्रारींसकट, 'डेव्ह-नल'मध्ये, म्हणजे आलेलं सगळं गिळणाऱ्या जागेत, वळवलेलं होतं आणि परतीचा आकडा कुणी वाचत नव्हतं. मला याचा खरोखर राग येतो. तक्रार गिळायची ती एक ओळ लिहायला कुणाला क्षणभर लागला असेल, आणि तिच्यामुळे एक विशीतला मुलगा गावात चोर ठरायला आला होता.

आणखी एक गोष्ट मनात आल्यावर मी जरा हादरलो. काट्यावर नाव म्हणून टाइप केलेलं काहीही रात्री हुकूम म्हणून वाचलं जात होतं. कुणी वाईट हेतूनं नावात अर्धविराम टाकून पुढे, मोकळी जागा न वापरता, फायली पुसायचा हुकूम लिहिला असता, तर तोही इमानेइतबारे पार पडला असता.

कारण कळलं, पण पट्ट्या कुठून आणायच्या? पुसलेल्या छोट्या टेक्स्ट फायली डिस्कवरून उकरून काढणं फार जिकिरीचं. मी सगळ्यात आधी क्रॉनची ती ओळ बंद केली. तेवढ्यात शेठजी म्हणाले, "एकदा बंद करून चालू करून बघू या का?" मी म्हटलं, "शेठजी, हात लावू नका. आत्ता तर बिलकुल नको."

कारण मला एक शंका आली होती. काट्याच्या मशिनमधून केबलनं येणारं वजन वाचणारा एक वेगळा प्रोग्रॅम हंगामाच्या सुरुवातीपासून चालू होता. असे प्रोग्रॅम सहसा आलेलं प्रत्येक वजन एका नोंदफाइलमध्ये लिहीत जातात. त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये नोंदफाइलचा पत्ताही होता, त्याच फोल्डरमधला. पण फोल्डरमध्ये फाइल नव्हती. नोंदफाइलचं नाव फर्मच्या नावावरून ठेवलेलं होतं, आणि शेठजींच्या फर्मच्या नावातही & आहे.

म्हणजे पहिल्याच रात्री स्क्रिप्टनं तीही पुसली होती. पण लिनक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे फोल्डरमधलं तिचं नाव काढून टाकणं. जोवर एखाद्या चालू प्रोग्रॅमनं ती उघडी धरलेली आहे, तोवर आतला मजकूर डिस्कवर शाबूत राहतो आणि प्रोग्रॅम त्यात लिहीतही राहतो. प्रोग्रॅम बंद पडला, मशीन बंद झालं, की मग ती खरंच जाते. 'एलएसओएफ' नावाच्या हुकमाला सांगितलं की नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फायली दाखव. एकच ओळ आली. वजनवाल्या प्रोग्रॅमचा नंबर, फाइल धरून ठेवलेल्या खुंटीचा नंबर ४, फर्मचं नाव आणि शेवटी कंसात 'डिलीटेड'.

आणि वीज गेली.

जिनिंगची घरघर थांबली, पंखे थांबले, टेबलाखालचा यूपीएस टीं-टीं करायला लागला. मुलगा म्हणाला, "बॅटरी जुनी आहे सर, पाचेक मिनिटं टिकते." जनरेटर सुरू करायला माणूस पळाला. मला पाच मिनिटं लागणार नव्हती, पण हात कापत होते हे खरं. 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या नंबरचं फोल्डर असतं, त्यात 'एफडी', आणि त्यात त्याच्या उघड्या फायली नंबरानं दिसतात. तिथली ४ नंबरची फाइल मी साध्या 'सीपी'नं माझ्या पेनड्राइव्हवर उतरवली, ती तिथे पक्की लिहिली जावी म्हणून 'सिंक' दिलं, उघडून पाहिली. पहिली ओळ हंगामाच्या पहिल्या दिवसाची होती, शेवटची त्याच सकाळची. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किलोत वजन. प्रत्येक गाडी दोनदा. मी मुलाकडे बघून फक्त मान हलवली, तर तो उठून बाहेर गेला आणि नळावर तोंड धुऊन आला.

नोंदीत गाडीचा नंबर होता, माणसाचं नाव नव्हतं. ते जुळवलं गेटवरच्या वहीतून. वॉचमन आप्पा आत येणारी प्रत्येक गाडी बॉलपेननं लिहितात, नंबर, नाव, गाव, वेळ. मला वाटलं होतं त्यात गाळलेल्या जागा असतील, पण नव्हत्या. दुपारी दिवाणजी वही वाचायला बसले, मी नोंदीत शोधायला, मुलगा कागदावर मांडायला. वजनं जुळत गेली तसे शेठजी बाहेर जाऊन एकेकाला स्वतः नाव आणि क्विंटल सांगत होते. आजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी वजन ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "बरोबर शे." त्यांच्या डोक्यात तो आकडा पहिल्यापासून होता.

मग मी शेठजींना म्हटलं, "हे सगळं पोरानं कंसात गाव टाकलं म्हणून झालं, आणि त्यानं तसं टाकलं ते बरोबरच होतं. हे तुम्ही बाहेर सांगा. माझ्या सांगण्यानं गाव ऐकणार नाही." त्यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, त्या मुलाला शेजारी उभं करून.

संध्याकाळी स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. फायली कॉपी करायला शेलची गरजच नाही. पायथॉनचं 'शटिल' ते काम स्वतः करतं आणि नावात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कॉपी आधी तात्पुरत्या नावानं दुसऱ्या डिस्कवर उतरते, मूळ फाइलशी ताडून बघितली जाते, मग 'ओएस डॉट रिप्लेस'नं खरं नाव मिळतं. हे नाव बदलणं एका दमात होतं, म्हणून मधेच वीज गेली तरी अर्धवट फाइल खऱ्या नावानं सहसा दिसत नाही. आमच्याकडच्या विजेचा भरवसा बघता ही पायरी मी कधीच गाळत नाही. मूळ फाइल लगेच पुसायची नाही, आठवडाभर बाजूच्या फोल्डरमध्ये राहू द्यायची. जिथे बाहेरचा हुकूम लागतोच, जसा पट्टी छापायला, तिथे 'सबप्रोसेस डॉट रन'ला हुकूम आणि फाइलचं नाव यादीतले वेगवेगळे घटक म्हणून द्यायचे, जोडून वाक्य करायचं नाही. मग शेल मध्ये पडत नाही. सोबत 'चेक' चालू ठेवायचं, म्हणजे हुकूम फसला की स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि पुढची ओळ चालत नाही. 'सबप्रोसेस' पायथॉनमध्ये २००४ पासून आहे आणि 'रन' २०१५ पासून, तरी जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्ट अजून ठिकठिकाणी सापडतात, आणि त्या माणसांच्या नावांवर चालतात. क्रॉनच्या ओळीतलं 'डेव्ह-नल' काढलं. आता काही फसलं की सकाळी दिवाणजींच्या पडद्यावर लाल अक्षरांत फाइलचं नाव येतं.

राहिलेलं पेमेंट त्याच शनिवारी निघालं.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक चाचणीचं फोल्डर आहे. कुठलीही स्क्रिप्ट कुणाकडे बसवण्याआधी मी ती त्याच्यावर चालवतो. त्यात &, कंस, एकेरी अवतरण, डॉलर, अर्धविराम असलेली नावं आहेत, आणि एक बरोबर ८५ देवनागरी चिन्हांचं नाव आहे, कारण लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काट्यावरचा तो मुलगा आता पायथॉन शिकतोय, अडलं की फोन करतो. पुढच्या हंगामाआधी त्यानं माझ्याकडून ते फोल्डर मागून घेतलं आणि त्यात स्वतःचं एक नाव घालून परत पाठवलं, वजाच्या चिन्हानं सुरू होणारं. असं नाव यादीतून दिलं तरी हुकमाला तो पर्याय वाटतो. त्यासाठी नावाच्या आधी दोन वजा चिन्हं वेगळा घटक म्हणून द्यावी लागतात. माझ्या छपाईच्या ओळीत ती होती, पण फोल्डरमध्ये तसं नाव नव्हतं. आता आहे.