अण्णांचा दहावा

वाईच्या घाटावर मी आजवर किती जणांचं क्षौर केलं, ते मोजलेलं नाही. त्या दिवशी मात्र अण्णांचा थोरला मुलगा पुढ्यात बसला, मी कृष्णेच्या पाण्यानं त्याचं डोकं भिजवलं आणि वस्तऱ्यात ब्लेड घालायलाच मला दोन मिनिटं लागली.

अण्णांकडं मी चौदाव्या वर्षी आलो. पहिले सहा महिने नुसतं झाडणं आणि टॉवेल धुणं. मग त्यांनी फुगा फुगवून हातात दिला. त्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा. फुटला की दुसरा फुगा. असे किती फुटले! दाढी झाली की ते डोळे मिटून गिऱ्हाइकाच्या गालावरून हाताची पालथी बाजू उलटी फिरवायचे. "डोळ्याला फसवता येतं, कातडीला नाही," म्हणायचे. जावळाला आलेलं पोर रडायला लागलं की त्याला प्रतापगडाची गोष्ट सुरू. १६५९ साली सय्यद बंडाचा वार जिवा महालानं कसा अडवला, ते ऐकताना पोराच्या आईबापांचं रडणंही थांबायचं; जावळ काढताना तेच जास्त रडतात.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी अण्णा धोकटी घेऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडं जायचे. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

२०२०च्या टाळेबंदीनं ते खचले. २८ जूनला दुकानं उघडली, पण फक्त केस कापायला, दाढीला मनाई. त्यानंतर त्यांचा हात पूर्वीसारखा राहिला नाही.

स्वतःची दाढी त्यांनी कधी कुणाला करू दिली नव्हती. शेवटच्या आठवड्यात मला घरी बोलावलं आणि म्हणाले, "आज तू कर." गालफडं आत गेलेली. मी आतून जीभ लावायला सांगितली, तर हसले. जन्मभर ते हेच दुसऱ्यांना सांगत आले होते. दाढी झाल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुंबईत १८९० साली आपल्या लोकांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे पाठीशी होते. पोटावर पाय येत होता, तरी दिला. आणि आता माझ्या मागं हिचं कुंकू पुसलं, तर मी काय शिकलो?"

आम्ही दोघांनी, मी आणि थोरल्यानं, त्यांना शब्द दिला.

घाटावर दोन म्हाताऱ्या अण्णांच्या बायकोकडं, आमच्या काकूंकडं, सरकल्या, तेव्हा थोरला अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं उठला. "आज्जी, अण्णांनी नको सांगितलंय." मीही वस्तरा हातात घेऊनच उभा राहिलो. कुजबुज झाली. एक पाहुणे तर तरातरा घाट चढून निघून गेले. पण काकूंच्या कपाळाला कुणी हात लावला नाही. ओरडाआरडा नाही, काही नाही. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग धाकटा बसला. त्याचं डोकं झाल्यावर मी पाणी ओतलं. काकू एक पायरी खाली आल्या. डोळे मिटून त्यांनी त्याच्या डोक्यावरून पालथा हात फिरवला, मानेपासून वर, उलटा. कानामागं थांबल्या.

"इथं राहिलंय बघ."

मी वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला.