लेकीच्या डोळ्यांतलं ॲट्रोपीन

टीव्ही बघताना लेकीचा उजवा डोळा किंचित नाकाकडे वळतो, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. लेक सहा वर्षांची. यंत्रावर नंबर दीड दिसत होता, पण डॉक्टरांनी तो धरलाच नाही. तीन दिवस घरी ॲट्रोपीनचं मलम घालून मग या म्हणाले. लहान मुलांच्या डोळ्यात भिंग फुगवणारा स्नायू इतका जोरकस असतो की प्लस नंबर लपून राहतो. ॲट्रोपीनने तो ढिला पडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

मलम घातलं की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे औषध नाकावाटे अंगात कमी उतरतं. चेहरा लालबुंद झाला, तोंड कोरडं पडलं किंवा ताप आला तर मलम थांबवून फोन करा, असं चिठ्ठीवरच लिहिलं होतं. ॲट्रोपीन आपल्या धोतऱ्यातही असतं, त्यामुळे ट्यूब मी फडताळात सगळ्यात वर ठेवली.

माझ्या आईला मोतीबिंदूच्या तपासणीत ट्रॉपिकामाइड हे बाहुली मोठी करणारं औषध घातलं होतं, ते संध्याकाळपर्यंत उतरलं. ॲट्रोपीन मात्र आठ-पंधरा दिवस रेंगाळतं. शाळेतल्या बाईंना तसं कळवलं: जवळचं नीट दिसणार नाही, वाचायला लावू नका. कार्टी खूश! उन्हात मात्र टोपीशिवाय डोळे उघडेनात.

नंबर निघाला प्लस साडेचार. तिला जांभळी फ्रेम हवी होती, दुकानात गुलाबीच होती. ते रडगाणं अजून चालू आहे.